पत्रा गळत नाही, काका

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

हे वाचक चौसष्ट वर्षांचे, निवृत्त, राहायला वडोद्याच्या दांडिया बाजारात. चार वर्षांपूर्वी त्यांनी टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली एक जुनी कॅम्पर व्हॅन विकत घेतली. आत दोन बिछाने, छोटा ओटा, गॅसची शेगडी. टपावर एसी, सोलर पॅनल आणि सामानाचं लोखंडी कॅरिअर. नवरा-बायको दोघं तिच्यातून नर्मदाकाठी, सापुताऱ्याला, एकदा पार कोकणात जाऊन आले. पण टप गळतो. पहिल्या वर्षी मे महिन्यात ओळखीच्या पेंटरने रेड ऑक्साइड मारून त्यावर धाब्याला लावतात तो पांढरा वॉटरप्रूफ कोट दिला. चार लिटरचा डबा, दोन हात. ऑगस्टपर्यंत पोपडे सुटले. पुढची दोन वर्षं मे महिन्यात त्याच कोटाचा तसाच डबा, तसेच दोन हात, तसेच पोपडे. एसीभोवती त्यांनी स्वतः बाथरूमला वापरतात ती सिलिकॉनची ट्यूब फिरवली. तिला व्हिनेगरसारखा वास होता असं त्यांना आठवतं. २०२४च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा त्यांनी गाडी वेळेवर उंचावर नेली. पुरातून ती वाचली, पण वरून पडणाऱ्या पावसाने गादी भिजली. यंदा जानेवारीत सापुताऱ्याला, आकाश निरभ्र असताना, पहाटे छतातून थेंब पडले आणि पत्नी म्हणाली, आता पुरे. पत्नीला दमा आहे. पुण्यातला मुलगा म्हणतो विकून टाका, आणि तोच अमेरिकेतल्या गाड्यांचे व्हिडिओही पाठवतो, ज्यांत लोक टपावर पातळ रबर ओततात. एक कंत्राटदार डांबराची शीट वितळवून चिकटवायला तयार आहे, दहा वर्षांच्या गॅरंटीसह: "एक वखत करावी लो काका, पछी जोवानुं ज नहीं." (एकदा करून घ्या काका, मग बघायलाच नको.) वाचकांचा प्रश्न असा: "पंधरा वर्षं टिकेल असा कोट कोणता? मला पुन्हा टपावर चढायचं नाही आणि मुलाकडे मदत मागायची नाही."

काका, नमस्कार.

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी हातात पेन्सिल घेतली, कारण टप का गळतो याचं बरंचसं उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय. माझी अठरा वर्षं रंगांच्या प्रयोगशाळेत गेली आणि माझे वडील मकरपुऱ्यात बसच्या बॉड्या बांधायचे. विषय ओळखीचा आहे, म्हणून कोटाचं नाव सांगायची घाई करत नाही. आधी तुमच्या प्रश्नापाशीच थोडी थांबते.

पंधरा वर्षांचा कोट मागताना तुमच्या डोळ्यांसमोर घराचं धाबं आहे, असं मला वाटतं. साहजिक आहे. आपल्या गावात गळती म्हटलं की धाबंच आठवतं. काँक्रीट पाणी पितं. त्याला बारीक भोकं असतात, तडे असतात, पाणी कुठूनही मुरतं, म्हणून ते सगळीकडून झाकावं लागतं. आपल्याकडे त्यावर चायना मोझॅकचे पांढरे तुकडे बसवतात, त्याने पाणीही अडतं आणि ऊनही परत जातं.

गाडीच्या टपाचं तसं नाही. पत्रा पाणी पीत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा असो, जीआयचा म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा असो की फायबरचा, अखंड पत्र्यातून एक थेंबही आत जात नाही, वर रंग असो वा नसो. पाणी शिरतं ते माणसाने पाडलेल्या भोकांतून आणि जोडलेल्या सांध्यांतून. तुमच्या टपावर ती किती आहेत ते मोजा: पत्र्यांचे आडवे जोड, रिबिटांच्या ओळी, एसीचं चौकोनी तोंड, पॅनलच्या क्लिपा, वायरीचं भोक, हवेची खिडकी, कॅरिअरचे पाय. अकराएक चौरस मीटरच्या टपावर खरी धोक्याची जागा एका मोठ्या चादरीएवढीसुद्धा नसेल. तीन वर्षं पेंटरने उरलेल्या सगळ्या जागेवर मेहनत केली आणि या जागांवरून फक्त रोलर फिरवून पुढे गेला.

म्हणून मी तुमचा प्रश्न दोन प्रश्नांत तोडते. सांधे कशाने भरायचे, हा पहिला आणि मोठा. टपाच्या सपाट भागावर काय लावायचं, हा दुसरा. त्या भागावरचा कोट मुख्यतः उन्हासाठी आणि पत्र्याच्या रक्षणासाठी असतो. तिथे तो चार वर्षांनी विटला तरी गादी भिजत नाही.

आता आधीचे कोट का गेले ते बघू. त्या पांढऱ्या मालाला दोष देण्याआधी हिशेब करा. एक लिटर माल एका चौरस मीटरवर पसरला की ओला थर एक मिलिमीटरचा होतो. तुमचा टप साडेपाच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद धरला, तर अकरा चौरस मीटर. त्यावर चार लिटर, म्हणजे ओला थर जेमतेम ०.३६ मिलिमीटर. पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिक कोटात घट्ट माल साधारण निम्मा असतो, बाकीचं पाणी उडून जातं. मागे राहिला ०.१८ मिलिमीटर, आणि पेंटरने रोलर हलका फिरावा म्हणून वरून पाणी घातलं असेल तर त्याहूनही कमी. असे कोट सुकल्यावर अर्धा मिलिमीटर तरी उरावेत, तेव्हा ते ताणले जातात आणि परत येतात. तुमच्या टपाला एका वेळी अकरा-बारा लिटर हवे होते. तुम्ही तीन वर्षांत तेवढेच आणलेत, पण दर वर्षीचा थर आधीच्या सुटत चाललेल्या पोपड्यांवर बसला. खालचा सुटला की वरचे सगळे त्याच्याबरोबर जातात.

दुसरी गोष्ट मे महिना. पावसाळ्याच्या तोंडावर काम काढायची आपली सगळ्यांचीच सवय. पण वडोद्यात मे महिन्याच्या दुपारी हवाच चाळीस अंशांच्या आसपास किंवा वर असते, आणि उन्हातल्या पत्र्यावर हात ठेववत नाही. अशा पत्र्यावर कोट वरून लगेच साय धरतो, आतलं पाणी अडकतं आणि फुगे येतात. तुमचे पोपडे फुग्यांपासून सुरू झाले असतील तर हेही एक कारण असू शकतं.

तिसरी गोष्ट रेड ऑक्साइड. तुम्ही लिहिलंय, "टप पत्र्याचा आहे." कोणत्या पत्र्याचा? फ्रिजवरचं चुंबक घ्या आणि टपाच्या कडेला लावून बघा. चिकटलं तर लोखंडाचा, बहुतेक जस्त चढवलेला जीआय. न चिकटलं तर अ‍ॅल्युमिनियम किंवा फायबर, आणि त्यांतला फरक बोटाने टकटक केल्यावर आवाजावरून कळेल. हे आधी कळायला हवं, कारण बाजारातला साधा रेड ऑक्साइड प्रायमर तेलाच्या जातीचा असतो. जस्तावर तो काही महिन्यांत सुटतो. जस्ताशी त्याची रासायनिक क्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो. अ‍ॅल्युमिनियमवरही तो नीट धरत नाही. दोन्ही धातूंना दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर लागतो, अ‍ॅल्युमिनियमला शक्यतो त्याआधी एचिंग प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन पकड देणारा. तुमच्या टपावर पायाच कच्चा होता. त्यावर जगातला सर्वांत महाग कोट दिला असता तरी तो ऑगस्टपर्यंतच राहिला असता.

चौथी, एसीभोवतीची सिलिकॉनची ट्यूब. व्हिनेगरचा वास येतो ते सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं आणि त्याने धातू खराब होतो. शिवाय सिलिकॉनवर सिलिकॉनखेरीज काही चिकटत नाही. तुम्ही प्रेमाने भरलेली ती रेघ आता नव्या कोणत्याही कोटाला तिथे बसू देणार नाही. ती पूर्ण निघाली पाहिजे: सुरीने खरवडून, प्लास्टिकच्या पट्टीने उचलून, मग सिलिकॉन रिमूव्हरने पुसून. वाईट वाटून घेऊ नका. बाथरूमसाठी ती ट्यूब योग्यच असते.

आता सापुताऱ्याची पहाट. पत्रातल्या या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या. आकाश निरभ्र होतं आणि थेंब पडत होते. ही गळती नव्हती, काका. जानेवारीच्या रात्री टपाचा पत्रा गार पडतो, आत दोन माणसांचा श्वास आणि शेगडी. स्वयंपाकाचा गॅस जळतो तेव्हा एक किलो गॅसमागे दीड किलोहून थोडं जास्त पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. चहा-खिचडीतून उठणारी वाफ वेगळीच. थंडी म्हणून तुम्ही खिडक्या घट्ट लावल्या असतील. ती सगळी वाफ गार पत्र्याला लागली आणि पहाटे थेंब होऊन खाली आली. यावर वरून पंधरा वर्षांचा कोट लावलात तरी पुढच्या जानेवारीत हेच होणार. शेगडी पेटवली की वरची हवेची खिडकी उघडायची आणि समोरच्या बाजूची एक काच दोन बोटं खाली ठेवायची. झोपतानाही थोडी फट असू द्या. शेगडी असलेल्या बंद गाडीत झोपताना हवा खेळती असायलाच हवी, थेंबांपलीकडेही, आणि काकूंच्या दम्यासाठी तर हवीच. छताच्या आत इन्सुलेशन नसेल तर कधीतरी ते करून घ्या. "आता पुरे" असं काकू ज्या पहाटे म्हणाल्या त्या पहाटेचा टपाशी संबंध नव्हता, हे त्यांना जरूर वाचून दाखवा.

ऑगस्टमधली गळती मात्र खरी. ती शोधायची कशी? गादीच्या वर भोक असेल असं धरू नका. पाणी टपात एका जागी शिरतं, आतल्या कमानीवरून सरकत जातं आणि मीटरभर लांब कुठेतरी टपकतं. माझे वडील बॉडी तयार झाली की तिच्या आत काळोख करून बसायचे. बाहेरून कोणीतरी हॅलोजन फिरवायचं, आणि आत जिथे उजेडाची टाचणी दिसेल तिथे ते खडूने गोल करायचे. तुमच्या गाडीला आतून छताचं अस्तर आहे, त्यामुळे ही युक्ती चालायची नाही. पाण्याची चालेल. नळी घ्या आणि खालून वर जा: आधी खिडक्यांच्या वरची कड, मग टपाची कड, मग एकेक सांधा, शेवटी एसी. प्रत्येक जागी दहा मिनिटं, जोर न लावता, पाऊस पडावा तसं. आत कोणीतरी बॅटरी घेऊन बसलेलं असावं. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून ओघळेल आणि काहीच कळणार नाही. बॉडीशॉपमध्ये आणखी एक पद्धत करता येते. सगळ्या फटी चिकटपट्टीने बंद करून एका खिडकीतून ब्लोअरने आत हवा भरतात आणि टपावर साबणाचं पाणी शिंपडतात. भोक असेल तिथे बुडबुडे येतात. एवढं काम झालं की तुमची अर्धी चिंता जाईल, कारण मग तुम्ही अकरा चौरस मीटरशी लढत नसाल, चार-पाच जागांशी लढाल.

सांधे भरायला लांबी, म्हणजे साधी पुटी, किंवा इपॉक्सी पुटी नको. कारण पत्रा जागचा हलतो. अ‍ॅल्युमिनियमचा साडेपाच मीटरचा टप पहाटेच्या १५ अंशांवरून दुपारच्या ६५ अंशांवर गेला की त्याची लांबी सहा मिलिमीटरने वाढते. लोखंडी असला तर साधारण तीन. रोज वाढतो आणि रोज आकसतो, वर रस्त्याचे हादरे. कडक पुटी या खेळात पहिल्याच उन्हाळ्यात तडकते. इथे हवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे सुकल्यावरही ताणला जाणारा, ज्या जातीच्या मालाने बसच्या समोरच्या काचा चिकटवतात तो. सांधा साफ करून, प्रायमर देऊन, त्यात पीयू भरायचा. जो जोड लांब आहे त्यावर पॉलिएस्टरच्या जाळीची चार बोटं रुंद पट्टी कोटात बुडवून बसवायची. एसी, पॅनलच्या क्लिपा आणि हवेची खिडकी उघडून त्यांच्या चौकटीखाली ब्युटिल टेप, म्हणजे चिकट रबराची मऊ पट्टी, घालून परत कसायच्या. बाहेरून रेघ ओढणं पुरत नाही. लोखंडी कॅरिअरचे पाय अ‍ॅल्युमिनियमवर थेट टेकत असतील तर तिथे पांढरी भुकटी दिसेल. दोन धातू आणि पावसाचं पाणी एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. मधे रबराचा तुकडा घाला.

आता कोट. मुलाने पाठवलेल्या व्हिडिओंपासून सुरू करते, कारण तो मनापासून शोधतोय हे त्यातून दिसतं. अमेरिकेतल्या बऱ्याच कॅरॅव्हॅनचा टप म्हणजे प्लायवूडवर ताणून चिकटवलेली ईपीडीएम रबराची किंवा टीपीओ या लवचीक प्लास्टिकची शीट असते. ते पातळ रबर जुन्या रबरासाठी आहे. तिकडच्या माणसाला ते योग्य आहे, पण तुमच्या टपावर रबर नाही. इकडे कोणाकडे बाहेरून आणलेली कॅरॅव्हॅन असेल आणि टप खडूसारखा पांढरा हाताला लागत असेल, तर त्यांनी मात्र आधी तो रबराचा आहे का ते बघावं, आणि असला तर डांबराचा कोणताही माल त्याला लावू नये. डांबरातल्या तेलाने ते रबर फुगतं.

अ‍ॅक्रिलिक म्हणजे तुम्ही लावलात तोच. पाण्यातला, स्वस्त, वास नसलेला. नवा असताना वरच्या उन्हाचा ऐंशी टक्क्यांच्या आसपास भाग परत पाठवतो. त्याचं वैर साचलेल्या पाण्याशी. दिवसेंदिवस पाण्याखाली राहिला तर मऊ पडून सुटतो, आणि एसीच्या मागे तुमच्या टपावर पाणी साचत असेल. त्याचा मोठा गुण असा, की चार-पाच वर्षांनी धुऊन त्यावर तोच पुन्हा देता येतो.

सिलिकॉनचा कोट उन्हाला आणि साचलेल्या पाण्याला सर्वांत चिवट. घट्ट माल नव्वद टक्क्यांच्या वर असलेला घेतलात तर सहा लिटरमध्ये तुमचं काम होईल. पण तो धूळ ओढतो. वडोद्याच्या धुळीत दोन वर्षांत राखाडी होतो आणि ऊन परतवणं कमी होतं. ओला असताना त्यावरून पाय घसरतो. आणि एकदा दिलात की यापुढे त्या टपावर सिलिकॉनच, दुसरं काही नाही. एसीभोवतीच्या एका रेघेने काय केलं ते तुम्ही पाहिलंत. हे संपूर्ण टपाचं होईल.

पीयू, म्हणजे दोन भागांचा पॉलियुरेथेन, पायाखाली आणि फांद्यांच्या ओरखड्यांना जास्त टिकतो. वरचा हात अ‍ॅलिफॅटिक जातीचा मागा. दुसरी, अ‍ॅरोमॅटिक जात उन्हात पिवळी पडून खडूसारखी होते, ती फक्त खालच्या हाताला चालते. पॉलिशपेपर मारून त्यावर पुन्हा पीयू देता येतो. याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, आणि दम्याच्या माणसाने त्याच्या जवळही जाऊ नये. काम कार्यशाळेतच व्हावं, घराखाली नाही, आणि पूर्ण सुकेपर्यंत, आठ-दहा दिवस, काकूंनी गाडीत पाऊल टाकू नये. पूर्ण पिकल्यावर धोका राहत नाही. गरम करून फवारतात ती पॉलियुरिया काही सेकंदांत घट्ट होते आणि फार मजबूत असते, पण तिचं यंत्र आणि ते चालवणारा हात दोन्ही चांगले लागतात. तुमच्या एवढ्याशा टपासाठी मी त्या वाटेने जाणार नाही.

डांबराच्या शीटला माझा स्पष्ट नकार आहे. ती ज्योतीने वितळवून चिकटवतात आणि तुमच्या पत्र्याखाली छताचं अस्तर आहे, वायरी आहेत, लाकूड असेल. काँक्रीटवर जे सुरक्षित आहे ते गाडीवर आगीला आमंत्रण. वजनही बघा: चौरस मीटरला तीन-चार किलो, म्हणजे गाडीच्या सर्वांत उंच भागावर चाळीसएक किलो कायमचे. आणि रंग काळा. वडोद्याच्या मे महिन्यात काळ्या टपाखाली एसीसुद्धा दमेल. त्या कंत्राटदाराच्या मनात वाईट नसेल. तो धाबी करतो आणि धाब्याचं उत्तर तुम्हाला देतोय.

गॅरंटीविषयी एवढंच विचारा: ती गाडीसाठी आहे का, की इमारतीसाठी? सुकलेल्या थराची जाडी किती धरली आहे? साचलेलं पाणी त्यात मोडतं का? माल फुकट मिळाला तर मजुरी कोण देणार? दुकानदाराकडे त्या मालाची टेक्निकल डेटा शीट मागा. तिच्यात घट्ट मालाचं प्रमाण आणि सांगितलेली जाडी दोन्ही छापलेली असते, आणि वरचा हिशेब वापरून कोणता डबा खरोखर स्वस्त आहे ते तुम्ही पाच मिनिटांत काढाल. अर्धं पाणी असलेला स्वस्त डबा पुष्कळदा महाग पडतो.

तर माझा कौल. तुम्हाला टपावर चढायचं नाही आणि खर्च एकदाच नीट करायची तयारी आहे, म्हणून मी पीयू सांगते. धाब्याच्या पेंटरकडून नाही, बस-बॉडीचं काम करणाऱ्या कार्यशाळेकडून. एसी, पॅनल, कॅरिअर उतरवून, जुनं सगळं धातूपर्यंत खरवडून, मग प्रायमर, सांधे, जाळी, आणि शेवटी पांढऱ्या अ‍ॅलिफॅटिक पीयूचे दोन हात. यातला जास्त पैसा मजुरीत जाईल आणि तो तिथेच जायला हवा. खरवडण्याच्या दिवशी तुम्ही स्वतः तिथे खुर्ची टाकून बसा. पुढे सगळं झाकलं जातं, तेव्हा बघण्यासारखा दिवस तोच. ज्या वाचकांचा हात आखडता आहे आणि ज्यांना शिडी चढता येते, त्यांनी सांधे असेच पीयूने भरून वर अ‍ॅक्रिलिक द्यावा. फक्त बारा लिटर आणा, पाणी घालू नका, तीन पातळ हात द्या आणि दर पाच वर्षांनी परत द्यायची तयारी ठेवा. ही दुय्यम सोय नाही. माझ्या धाकट्या दिराच्या गाडीवर मी हेच केलंय.

वेळ दिवाळीनंतरची. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत आपल्याकडे हवा कोरडी आणि पत्रा सोसवेल इतपत ऊबदार असतो. सकाळी दव पूर्ण उडाल्यावर, दहाच्या पुढे हात सुरू करायचा आणि तीन-साडेतीनला थांबायचं, म्हणजे संध्याकाळचं दव ओल्या कोटावर पडत नाही. तोवर गळणारे सांधे सापडले तर त्यांवर ब्युटिलची पट्टी दाबून दिवस काढा. ताडपत्री घालायची तर खालून हवा जाईल अशी सैल घाला. घट्ट आवळलेल्या ताडपत्रीखाली ओल अडकते आणि गंज वाढतो.

एवढं करून मी पंधरा वर्षांचं वचन देणार नाही. चांगला पीयू बरीच वर्षं जाईल, पण सांध्यांकडे वर्षातून दोनदा बघावं लागतंच: एकदा अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला आणि एकदा नवरात्रानंतर. "पछी जोवानुं ज नहीं" असा टप कोणी बांधू शकत नाही. पण बघणं म्हणजे चढणं नव्हे. गाडी घराखाली उभी असते ना? धाब्यावरून मोबाइलने टपाचा फोटो काढा, दर वेळी त्याच कोपऱ्यातून, आणि आधीच्या फोटोशेजारी ठेवा. कुठे फुगा आला, कुठे रेघ उचलली, ते मोठं करून दिसतं. ज्या दिवशी काही दिसेल त्या दिवशी चढायला दुसरा माणूस बोलवा. चौसष्टाव्या वर्षी ओल्या टपावर तुम्ही चढू नये, हे मी मुलाच्या बाजूने नाही, माझ्याच बाजूने सांगते.

आणि मुलाचं. तुम्ही लिहिलंय की त्याच्याकडे मदत मागायची नाही, आणि पुढच्याच ओळीत त्याने पाठवलेल्या पाच व्हिडिओंची नावं दिली आहेत. ज्याला गाडी खरंच नकोशी असेल तो तिचा टप कसा दुरुस्त करावा हे रात्री बसून शोधत नाही. "विकून टाका" म्हणताना त्याला बहुधा ओली गादी दिसत नसावी, शिडीवर उभे असलेले तुम्ही दिसत असाल. त्याला गळतीचं गाऱ्हाणं सांगू नका. काम सांगा. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, तो येणार असेल, तर तेव्हा सगळे दोन दिवस धाब्यावरच असतात. एक संध्याकाळ पतंग बाजूला ठेवून त्याला नळीची परीक्षा करायला लावा. तो बाहेर नळी घेऊन, तुम्ही आत बॅटरी घेऊन. काम जानेवारीच्या शेवटी काढलंत तरी हंगाम हातात आहे. कार्यशाळेशी बोलणी त्यालाच करू द्या. डेटा शीट वाचायला आणि मजुरीचं विचारायला तो तुमच्याइतकाच उत्सुक निघेल असा माझा अंदाज आहे.

आज मात्र एकच करा. फ्रिजवरचं चुंबक घेऊन खाली जा, शिडी न लावता, मागच्या दारात उभं राहून हात पुरेल तिथे टपाच्या कडेला टेकवा. चिकटलं की नाही ते मला दोन ओळींत कळवा, म्हणजे प्रायमर कोणता मागायचा ते मी नेमकं लिहून पाठवते.